नाक्यावरचं भरीत

सुकदेव आबांनी सात वर्षांत लेकीच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, ही जुनी रीत. गावात बाकीच्यांनी ती केव्हाच गुंडाळून ठेवली होती, पण आबा एकदा म्हणाले की म्हणाले. वच्छलाला लेकरू झालं नाही. आबा वर्षातून एकदा दोंडाईच्याहून येत, अंगणातल्या खाटेवर टेकत, घरून आणलेलं पाणी पीत आणि जात. तिला ते फार लागे, पण बोलायची सोय नव्हती.

तिचा नवरा रुपचंद सातपुड्यातल्या राखीव जंगलाचा वनरक्षक. जंगलाच्या तोंडाशी नाका, वाटेवर आडवा बांबू, नाक्याला लागूनच घर. तो फेरीवर गेला की नाक्यावर वच्छला बसे. पगार रुपचंदचा, धाक हिचा. पत्र्याच्या पाटीवर नियम रंगवलेले होते: आत जाताना नाव लिहा, पायवाट सोडू नका, विस्तव पेटवू नका, दिवस मावळायच्या आत परत या. लोक पाटी वाचत आणि खिशातली काडेपेटी तशीच आत नेत. वच्छला खिसे तपासायची.

सत्त्याऐंशीच्या माघात, सकाळी नऊला, नाक्यापुढे ट्रॅक्टर थांबला. ट्रॅक्टर चालवत धाकटा भाऊ भटू, ट्रॉलीत आबा, त्यांच्या शेजारचे मोतीलालभाऊ, आणि वांग्यांचं पोतं. शेजारी कपाशीच्या काड्यांचा भारा.

"अक्का, बांबू वर कर," भटू म्हणाला. "झरा जोडे भरीत करसूत." जंगलातल्या झऱ्याजवळ वांगी भाजायचा त्यांचा बेत होता.

वच्छलाने वही उघडली. "पहिले नावं सांगा. परत कव्हय येशात?"

"भाऊनं नाव लिखशी?"

"तुम्ही परत उनात नही ते मी कोणले धुंडू?" तिने तिघांची नावं लिहिली. मग भाऱ्याकडे बोट केलं. "काड्या आठेच उतरा."

भटू हसला. ही थट्टा नाही हे कळल्यावर त्याचं हसू विरलं. आबा खाली उतरले. "पोरी, विस्तववर पानी टाकी देसूत."

विस्तव विझला असं माणूस म्हणतो, विस्तव कुठे म्हणतो? गेल्या वर्षी असेच कोणी पाणी टाकून गेले होते. सागाचा पाला तीन दिवस जळला. रुपचंद आग विझवून परतला तेव्हा त्याच्या तळपायांची सालं निघाली होती, आणि तिने रडत रडत त्यांना लोणी लावलं होतं.

"नही आबा," ती म्हणाली. "भाजनं व्हई ते मना आंगणमा भाजा. बडगी शे, मिरच्या शेतस."

मोतीलालभाऊ उगाच पागोटं सारखं करू लागले.

"मी तुना घर खात नही, तुले माहीत शे."

"माहीत शे. तुमना नेम तुम्ही पाळा, मना नेम मी पाळस."

बोलून गेली आणि मग तिला वाटलं, बाप आत्ता ट्रॅक्टर वळवील, पुन्हा या वाटेला फिरकणार नाही. तरी बांबूवरचा हात तिने काढला नाही.

आबांनी स्वतः भारा उचलला आणि तिच्या अंगणात नेऊन टाकला.

वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली. वच्छलाने दोघांची ताटं वाढली, तिसरं घेतलं नाही. बापाचा अपमान तिला करायचा नव्हता.

"माले?" आबांनी विचारलं.

"आबा, लेकरू नही ना अजून."

"नातूनी वाट देखत बसनू," आबा खाली बघत म्हणाले, "आनि लेकले देखानं ऱ्हायी गयं. वाढ."

तिने वाढलं. डोळ्यांतलं पाणी पदराने पुसलं आणि ती म्हणाली,

"जेवा पोटभर. मंग झरावर जा, पन पाचना आत नाक्यावर परत या, नही ते मी धुंडाले येसू."