खंडेनवमीची दुरुस्ती

“पोरीले मशीनले हात लावू देऊ नका, मास्तर,” बयनाबाई दारातूनच म्हणाल्या. “आज खंडेनवमी हाय.”

त्या तामसीहून लेकीबरोबर बसने आल्या होत्या. लेक रेणुका माझ्या आदिलाबादच्या कॉम्प्युटर क्लासात शिकत होती. क्लास म्हणजे माझ्याच घराची पुढची खोली.

साल नव्व्याण्णव. हिशेबाचा एक फुकट प्रोग्राम होता. त्याच्या आतलं लिखाण सगळ्यांना उघडं. कुणीही दुरुस्ती करून ईमेलनं पाठवावी, सांभाळणाऱ्यांनी तपासून घ्यावी. त्यांना नवे विद्यार्थी हवे होते, आणि एक जण मी देतो म्हणालो होतो. क्लासातल्या खुशालचा हात जलद, पण तो चुका झाकायचा. रेणुका आपली चूक मला बोलावून दाखवायची. तिला निवडलं.

काल तिकडून निरोप आला होता. तिची दुरुस्ती इतरांच्या मशीनवर अडकते. आज संध्याकाळपर्यंत नीट करा, नाहीतर तिच्याशिवाय पुढे जाऊ.

“हा काय इळा हाय का, माय?” रेणुका म्हणाली.

“उद्या तुयं पोट याच्यावरच भरन ना? मंग इळाच. आपल्या गावच्या भिवाजीनं नवमीले इळा धरला, बोट गेलं.”

“भिवाजी दारू पेऊन होता.”

मी असलं मानत नव्हतो. पण चैत्रात माझी बायको रुख्मिणी साध्या तापानं गेली. तेव्हापासून साधा फोन वाजला तरी वाईटच बातमी वाटते. पोरीला झटका बसला तर? परतीच्या बसला काही झालं तर?

“राहू दे, रेणुका. पुढच्या वेळी पाहू.”

“पुढं मले कोण घेते? तुमीच म्हणता, बोललं तसं केलं नाई तर भरोसा जाते.” तिनं मशीनकडे पाहिलं. “मास्तर, औंदा तुमच्या घरी सण नाई. मशीनची पूजा नाई झाली ना?”

“नाही.” दरवर्षी हळदकुंकू रुख्मिणी लावायची.

“पूजलेलं अवजार उचलू नाई. हे तं मोकळंच हाय, माय.”

 बयनाबाई उंबऱ्यावर बसल्या.

रेणुकानं मशीन सुरू केलं.  मी मागे उभा राहिलो, बोट दाखवलं नाही. “कुठं अडकतं, ते आधी सांग,” एवढंच म्हणालो.

“तारखेत,” ती ओळी खालीवर सरकवून म्हणाली. “मी आपल्यावानी दिवस आधी धरला. तिकडं कोणी कोणी महिना आधी लिवतेत.”

तिनं बदललं, दोन्ही तऱ्हांनी तपासलं. फोनला जोडलेला मोडेम किंचाळला तशा बयनाबाई उठून उभ्या राहिल्या. दुरुस्ती गेली. चहा करून पुन्हा फोन जोडला, तेव्हा उत्तर आलं होतं. दुरुस्ती घेतली होती, खाली रेणुकाचं नाव होतं.

बयनाबाईंनी तिचं नाव पाहिलं नाही. त्यांनी लेकीचे हात हातात घेतले, एकेक बोट दाबून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

“तुमीबी दाखवा, मास्तर.”

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी लांबूनच निरखून पाहिले.

“बरे हायेत,” त्या म्हणाल्या.

त्या दोघी बसला गेल्या. मी हात तसेच धरून उभा होतो.