डोळ्यातली हिरवी चंद्रकोर

बाळाचं नाव घरात फक्त तिघांना ठाऊक होतं: अप्पांना, अम्माला आणि नऊ वर्षांच्या गायत्रीला. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण अप्पांना, म्हणजे वेंकटरावांना, बहीणच नव्हती. म्हणून तो मान त्यांच्या लेकीला मिळाला होता. बारसं शुक्रवारी. आठवडाभर गायत्री ते नाव पोटात घेऊन फिरत होती. शेजारच्या मुलींनी चॉकलेटांची लालूच दाखवली तरी तिनं ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं.

दुसरी एक गोष्ट मात्र तिच्याच्यानं पाळवली नाही. बाळंतपणाला तिरुवैयारुहून आलेल्या राजलक्ष्मीमावशीनं बजावलं होतं, "तंबीला एकटीनं उचलायचं नाही." मंगळवारी दुपारी अम्मा न्हाणीघरात होती, मावशी चुलीपाशी, आणि तंबी, तिचा धाकटा भाऊ, पाळण्यातून टकमक बघत होता. गायत्रीनं त्याला अलगद उचललं, गालाला गाल लावला. बाळानं मूठ उघडून हात फिरवला आणि त्याचं कागदासारखं पातळ नख तिच्या उजव्या डोळ्यावरून सर्रकन गेलं. बारशाआधी बाळाची नखं कापायची नाहीत, ही मावशीचीच शिस्त.

बाळाला नीट खाली ठेवेपर्यंत गायत्रीनं ओरड गिळून धरली. मग कोपऱ्यात जाऊन ती डोळा धरून बसली. डोळ्यात कुणी मूठभर वाळू टाकल्यासारखं खुपत होतं.

तिन्हीसांजेला मावशीनं तिचा लालबुंद, पाणावलेला डोळा पाहिला आणि दोन पावलं मागं सरली. "अय्यो! मद्रास आय!"

डोळ्यांच्या साथीला गावात सगळे मद्रास आय म्हणत. त्या महिन्यात अर्धी शाळा तिनं आजारी होती.

"बाळाच्या खोलीकडं फिरकू नकोस. माझ्याकडं बघूही नकोस, नुसतं बघितल्यानं लागते ती!"

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी मी सांगीन नाव. काय ठरलंय ते सांग बघू मला."

गायत्रीनं तोंड घट्ट मिटलं. खरं सांगावं तर बाळाला उचलल्याचा गुन्हा, न सांगावं तर मद्रास आय. दोन्हीकडून नाव हातचं जाणार. तिला रडू आलं आणि त्या रडण्यानं डोळा आणखीच झोंबला.

अप्पांनी तिला मोपेडवर मागं बसवलं आणि राजवाड्याजवळच्या हनुमंतराव डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हातारे होते, आणि मुलं आली की त्यांना घाई कसली ती नसे.

त्यांनी आधी एक थेंब घातला. खुपणं पळालं. मग नारिंगी टोकाची कागदाची पट्टी ओली करून पापणीच्या आत हलकेच टेकवली, दिवा मालवला, निळ्या उजेडाची बॅटरी लावली आणि तिच्या हाती आरसा दिला.

"काय दिसतंय?"

गायत्री बघतच राहिली. बुबुळाच्या मधोमध एक हिरवीगार चंद्रकोर चमकत होती.

"बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याची वरची साल जिथं निघालीय तिथं पट्टीतला रंग बसतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. मद्रास आय झाली तर अशी कोर उमटत नाही," डॉक्टर म्हणाले. "हे नख आहे. बारकं नख. कुणाचं गं?"

गायत्रीनं अप्पांकडं पाहिलं. "अप्पा, मी तंबीला उचललं."

अप्पांनी लगेच विचारलं, "पाडलं नाहीस ना?"

"नाही. दुखत होतं, तरी नीट ठेवलं."

"मग झालं तर!" अप्पांना हसू आलं. "बारकं पोर, बारा दिवसांचंही नाही, आणि थोरल्या बहिणीवर हात उगारतं!"

"शुक्रवारपर्यंत बरं होईल?" गायत्रीनं डॉक्टरांना विचारलं.

"पंगतीत मधलाच माणूस उठून गेला तर शेजारचे काय करतात?"

"सरकतात."

"तुझ्या डोळ्यात आत्ता तेच चाललंय. कडेच्या पेशी आपली पकड सोडतात, चपट्या होतात आणि सरकत सरकत उघडी जागा झाकतात. मागं, बुबुळ आणि डोळ्याचा पांढरा भाग मिळतात त्या काठाशी, नव्या पेशी तयार होत असतात. त्या पुढं येतात."

"रक्त का नाही आलं?"

"छान विचारलंस. या पडद्यात रक्ताची एकही नळी नाही. असती तर आरपार दिसलं असतं का? याचं जेवणखाण अश्रूंवर आणि आतल्या पाण्यावर चालतं. आणि दुखणं जाणणाऱ्या नसा मात्र इथं अंगात कुठंही नाहीत इतक्या दाट, म्हणून एवढ्याशा नखानं एवढं रडवलं. जखम वरवरची आहे, डाग राहायचा नाही. खोल असती तर पांढरा वण राहिला असता. आता पेशींना काम करू दे. चोळलंस की त्या निसटल्याच."

मलम लावून, डोळ्यावर पट्टी बांधून ती घरी आली. मावशी वाटीत अम्माचं दूध घेऊन तयारच होती, डोळ्यात घालायला.

"डॉक्टर म्हणाले, दूध बाळालाच पाजा," अप्पा म्हणाले आणि सगळी हकीकत सांगितली.

मावशीनं वाटी खाली ठेवली. "बरं. पण पट्टी बांधलेली पोर पाळण्याशी उभी करायची नाही. शुक्रवारी पट्टी सुटली तर नाव तिनं सांगायचं, नाही तर मी."

बुधवारी संध्याकाळी डॉक्टरांकडं पुन्हा आरशात पाहिलं तेव्हा कोर निम्मी झाली होती. गायत्रीनं ती वहीत काढली. गुरुवारी केसाएवढी हिरवी रेघ उरली. त्या दिवशी तिनं चोळण्याचा मोह आवरायला दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. मावशीनं तिला घास भरवले आणि वर ऐकवलं, "एवढी आज्ञाधारक मंगळवारी असतीस तर!"

शुक्रवारी सकाळी सातला डॉक्टरांनी पट्टी सोडून निळा उजेड टाकला. गायत्रीनं आरसा इकडं केला, तिकडं केला.

"कोर कुठंय?"

"मिटली. पंगत भरली. पण पेशींची पकड पक्की व्हायला काही आठवडे लागतात, तोवर चोळायचं नाही. पळ आता."

घरी पाळणा फुलांनी सजला होता, बायका जमल्या होत्या. मावशीनं गायत्रीची हनुवटी वर करून डोळा तपासला, बराच वेळ. मग तिनं स्वतःच तिला हाताला धरून पाळण्याशी नेलं. "जा. हळू सांग हं, कानात."

गायत्री वाकली. बाळ दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडं बघत होतं आणि तीही दोन्ही डोळ्यांनी. इतके दिवस दाबून ठेवलेलं नाव कुजबुजायला तिनं तोंड उघडलं, आणि ते बाहेर पडलं ते थेट छपराला लागेल असं:

"राघवेंद्र!"

बाळ दचकून रडायला लागलं, बायका हसून हसून एकमेकींवर रेलल्या, आणि बाहेर अंगणात अम्माचा भाऊ, त्यागराज मामा, म्हणाला, "राघवेंद्र काय? चांगलंय!"

मावशीनं गायत्रीच्या पाठीत हक्काचा धपाटा घातला. "अगं, त्याच्या कानात! सगळ्या गल्लीच्या नव्हे!"