एकशेदहाच्या खाली

चाकानेत्साने मेलेल्या माणसाचे बूट पायात चढवले, नाड्या आवळल्या आणि अंगणाच्या मधोमध येऊन फेंगडे पाय टाकत धावायला सुरुवात केली.

"सरका, सरका! सायलस निघाला टेकडीवर! साकुब्वा वस्तीचा घोडा येतोय, लाथ बसेल!"

अंगणभर हशा पिकला. सकाळीच सायलसला माती दिली होती. हात धुऊन माणसे ताटे घेऊन बसली होती, सड्झाचे, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचे गोळे बोटांनी दाबून रश्शात बुडवत होती. चाकानेत्सा हा त्या घराचा साहवीरा, म्हणजे दुःखातही थट्टा करायचा हक्क असलेला मित्र. त्याने गेलेल्याची नक्कल करायची, घरच्यांची उणीदुणी काढायची, आणि त्याच्यावर कुणी रागवायचे नाही. सायलसच्या बापाच्या वेळी चाकानेत्साच्या बापाने हेच केले होते.

सायलसची मुलगी शुवाई हसली नाही. ती लोकांची मनगटे बघत होती.

मंगळवारी सकाळी आत्याचा फोन आला तेव्हा ती इंग्लंडमध्ये, ड्यूटीवर निघायच्या घाईत होती. "बाळा, सायलस गेला गं. टेकडीवर पडला, पाण्याच्या टाकीपाशी." शुवाईने मोबाइल कानापासून दूर धरून पडद्यावर पाहिले. तिथे लिहिले होते: बाबा, ७६. "नाही आत्या, जिवंत आहेत ते! मला दिसतंय इथे! दवाखान्यात न्या त्यांना!" ती ओरडत राहिली, आणि पलीकडे आत्या रडायची थांबली. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असे तिला वाटले असावे.

अकरा महिन्यांपूर्वी बाबांच्या छातीत पहिली कळ आली, तेव्हा तिनेच ते घड्याळ पाठवले होते. मनगटावर बांधायचे, हृदयाचे ठोके मोजणारे. आत सिमकार्ड होते, त्यावरून आकडा थेट तिच्या मोबाइलवर यायचा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते, पण ठोके एकशेदहाच्या वर गेले की थांबून बसायचे. तसे झाले तर तिचा मोबाइल थरथरणार होता. तो कधी थरथरला नाही. रोज सकाळी सहाला बाबा चालायला निघत आणि आकडा नव्वदच्या आतच राही. उठल्याउठल्या ती आकडे बघे आणि फोन करी. "चौऱ्याऐंशीच, बाबा! आता बसथांब्याच्या पुढे जायला हरकत नाही." मग टेकडीचे पहिले वळण. मग दुसरे. गेल्या रविवारी ती म्हणाली होती, "आता टाकीपर्यंत जा. मी बघतेय ना इथून."

आणि आज, त्यांना पुरून तीन तास उलटल्यावरही पडदा सांगत होता: बाबा, ८१.

म्हणजे पडलेल्या माणसाच्या हातातून कुणीतरी घड्याळ काढून घेतले असणार. दवाखान्यातल्या कुणी, नाहीतर रस्त्यावरच्या कुणी, नाहीतर या अंगणात बसून जेवणाऱ्या कुणी. घड्याळ तिला परत नको होते. त्या माणसाला तिला एवढेच विचारायचे होते, की पट्टा सोडताना त्यांचा श्वास चालू होता का.

"ए विलायतेच्या बाई!" चाकानेत्सा तिच्यासमोर येऊन थांबला. "तुझा बाप इथे धावतोय आणि तू खाली मान घालून काय बघतेस? तिकडं नवरा बिवरा ठेवलायस की काय?"

बाया खिदळल्या. त्याने एकीच्या हातातला लाकडी डाव हिसकावून कानाला लावला, खांदे किंचित पाडले, आणि क्षणात तो सायलस झाला.

"हो गं बाळा. हो. चौऱ्याऐंशी? अरे वा! टाकीपर्यंत? जातो की. तू बघतेस म्हटल्यावर मला कसली भीती?"

डाव खाली आला. चाकानेत्साने एक हात छातीवर दाबला, दुसरा गुडघ्यावर टेकला आणि तो धापा टाकू लागला. तोंड उघडे टाकून, मधेच शीळ वाजल्यासारखा आवाज काढत. "हुबेहूब!" कुणीतरी म्हणाले. "अगदी असाच दम लागायचा त्याला." शुवाईने तो आवाज कधी ऐकला नव्हता. ती फोन करायची तोवर बाबा घरी येऊन चहा घेत बसलेले असत.

मोबाइलवर आकडा बदलला. ९४.

"मी म्हटलं, गाढवा, मरशील! पोरीनं पाठवलेलं ते घड्याळ काय म्हणतंय? बघू मनगट!" चाकानेत्साने आपलीच बाही वर ओढली आणि हात सगळ्यांना फिरवून दाखवला. "मनगट मोकळं!"

"चाकानेत्सा, पुरे आता," आत्या म्हणाली.

"पुरे? मला गप्प करतेस? मला?" तो तिच्याकडे वळलाही नाही. "सहा महिने गप्पच होतो. त्यानं शपथ घातली होती. आज सकाळी शपथही त्याच्याबरोबर पुरली."

१०३.

"काय म्हणाला सायलस, ऐका." त्याचा आवाज पुन्हा मऊ झाला. "'घड्याळ आलं त्या दिवशी दादाला दाखवायला नेलं. दादानं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, छान आहे. आता थोरला भाऊ छान आहे म्हणाल्यावर माणूस काय करणार? म्हटलं, तुला शोभतं, दादा. बांध.'"

लोक ताटावरून मागे रेलून हसले. छान आहे म्हणणारा थोरला प्रत्येकाच्या घरी होता.

"मी म्हटलं, मग पोरीला सांग तसं! तर म्हणतो, 'सांगितलं तर ती दादाकडे परत मागेल. थोरल्या भावाच्या हातातली वस्तू मी काढायला लावू? त्यापेक्षा टेकडी चढलेली बरी.'" चाकानेत्साने बुटांनी जमीन आपटली. "आणि चढला की पठ्ठ्या!"

शुवाईच्या तळहातात मोबाइल थरथरू लागला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. बाबा, ११२.

एव्हाना मनगटे शोधायची गरज उरली नव्हती. आंब्याखाली, मानाच्या एकुलत्या खुर्चीवर थोरले बाबा, सायलसचे दादा, बसले होते. एवढ्या उन्हात काळा कोट, वरपर्यंत गुंड्या लावलेला. डावी बाही बोटांपर्यंत ओढलेली. ते तिच्या बापाहून नऊ वर्षांनी मोठे होते आणि रोज सकाळी सहाला उठून आपल्या कोंबड्यांना दाणे टाकत. चौऱ्याऐंशी.

ती उठली. हसणे ओसरत गेले. चाकानेत्सासुद्धा तिच्या बापाच्या बुटांत निमूट उभा राहिला. आत्याने तिच्या झग्याचे टोक धरले.

"शुवाई. थोरले आहेत ते."

तिने ते हळूच सोडवून घेतले. खुर्चीसमोर जाऊन ती गुडघे टेकून बसली आणि लहानपणी शिकवले होते तसे, थोरल्यांचा मान म्हणून, ओंजळीसारखे हात करून दोनदा हलक्या टाळ्या वाजवल्या. थोरल्या बाबांनी बाही वर सारली. ती एका झटक्यात सरकेना.

"मला वाटलं नुसतं घड्याळ आहे," ते म्हणाले. "वेळ बघायचं, रात्री चार्जिंगला लावायचं. तो काही बोललाच नाही, बाळा." त्यांनी हात पुढे केला. "घे. काढून घे."

११९. त्यांच्या ओठांना निळसर झाक आली होती. सगळे अंगण तिच्या बोटांकडे बघत होते. पट्टा सोडवायला क्षणही लागला नसता. तो सैलच होता. म्हातारे मनगट सुकून गेले होते. तिने बक्कल उघडले, पट्टा एक भोक आत घेतला आणि पुन्हा आवळला.

"असू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला शोभतं."

मागे कुणा बाईने सुटकेचा श्वास सोडला. "बापावर गेलीय हो पोरगी," ती कौतुकाने म्हणाली, आणि ताटांचे आवाज पुन्हा सुरू झाले. थोरले बाबा हाताचा आधार घेऊन उठू लागले.

मोबाइल अजून थरथरत होता.

"बसा, बाबा," शुवाई म्हणाली. अकरा महिने तिने हे वाक्य तयार ठेवले होते. "एकशेदहाच्या खाली येईपर्यंत उठायचं नाही."