थोरलीचा तास

थोरलीच्या पदराला लवंगेच्या तेलाचा वास येत होता.

सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. थोरली सून शेजारून आत गेली आणि त्यांचा हात देठावरच थांबला. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमधून ही बाई घरी यायची ती केसांत प्लास्टरची पांढरी भुकटी आणि अंगाला मेणाचा वास घेऊन. मग लवंग कुठून आली?

"उशीर झाला गं?"

"थोडा झाला, आई." थोरलीनं हातपाय धुतले आणि ती ओट्याशी उभी राहिली. महिनाभर हा 'थोडा' चांगला तासाभराचा होता. थोड्या वेळानं भांड्यांच्या आवाजातून सासूबाईंना आणखी एक आवाज ऐकू आला. थोरली गुणगुणत होती.

त्या घरात एवढं पुरेसं होतं.

नवरा गेल्यावर थोरलीला कुणी घराबाहेर काढलं नाही, याचं त्या घराला फार अप्रूप होतं. "आम्ही तिला लेकीसारखं ठेवलंय," असं चारचौघांत सांगितलं जाई. लेकीसारखं ठेवलेल्या या बाईनं पहिला चहा करायचा, शेवटचं पातेलं पुसायचं, मधल्या वेळात नोकरी करायची आणि पगार आणून सासूबाईंच्या हातात द्यायचा. घरातून कामावर, कामावरून घरी. वाटेत थांबायचं नाही, कारण विधवा बाईला वाटेत काय काम असतं? हा नियम कुणी मोठ्यानं सांगितला नव्हता. उंबरठ्यासारखा तो नुसता होता.

थोरलीनंही तो पाळला. हळूहळू तिच्यातलं सगळं आटत गेलं. कंटाळा आला असता तरी बरं होतं, कंटाळ्याला अंगात थोडी धुगधुगी लागते. दिवसभर ती मेणात दात बसवायची, पण ज्या तोंडात ते जाणार ते तोंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. साचे यायचे, कवळ्या जायच्या. संध्याकाळी ताटावर बसलं की घास तोंडात फिरत राही, गिळायची आठवण राहत नसे. देवापुढे हात जोडले तरी मागण्यासारखं काही सुचत नसे, आणि मागणंसुद्धा सुचत नाही त्या माणसाची अवस्था देवच जाणे. तेव्हा घरात कुणी एका शब्दानं विचारलं नाही. ती दमलेली होती तोवर तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

"मी काय म्हणते, आई," धाकटी सून सासूबाईंच्या कानाशी लागली, "ताईंनी परवा आरशासमोर उभं राहून केस विंचरले. दोनदा."

"दोनदा?"

"आणि जेवताना मागून भाजी घेतली!"

धाकटा मुलगा कारखान्याच्या फाटकावर सुरक्षा अधिकारी होता. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पिशव्या तपासून तपासून त्याची नजरच तशी झाली होती. घरी आलेल्या पाहुण्याच्या हातातल्या पिशवीकडेही तो आधी बघायचा. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "माणूस उगाच खुलत नाही. आतून काहीतरी बाहेर चाललंय."

"अरे, वहिनी आहे ती तुझी. कारखान्यातला माल नव्हे," सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनाही झोप लागेना. शेवटी त्यांनी ठरवलं, आपणच बघायचं.

दुसऱ्या दिवशी लॅब सुटायच्या सुमाराला त्या समोरच्या औषधाच्या दुकानापाशी जाऊन उभ्या राहिल्या. थोरली बाहेर पडली, घराकडे न वळता उलट्या दिशेला चालू लागली. चालीत घाई होती. दोन गल्ल्या ओलांडून ती एका इमारतीत शिरली. मागोमाग त्याही चढल्या, गुडघे धरत, मनातल्या मनात देवाचं नाव घेत.

वर दातांचा दवाखाना होता. सासूबाई पदर डोक्यावर ओढून बाकाच्या टोकाला बसल्या. लवंगेच्या तेलाचा वास तिथे भरून राहिला होता. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ, शेजारी डॉक्टरीणबाई, आणि समोर स्टुलावर थोरली.

"बोला ना काका," थोरली म्हणत होती.

"काय बोलू? शिट्टी वाजतेय तोंडात. घरी नातवंडं हसतात."

"वाजू दे. पूर्वी कामावर काय बोलायचात, ते बोला."

म्हातारे निवृत्त बस कंडक्टर होते. त्यांनी घसा खाकरला. "पुढे शरका, पुढे शरका..." थोरलीनं कान देऊन ऐकलं आणि डॉक्टरीणबाईंना काहीतरी सांगितलं. कवळी निघाली, किंचित घासली गेली, परत बसली. पुन्हा तेच. पुन्हा घासणं. आणि मग एकाएकी तो जुना, खणखणीत आवाज दवाखानाभर घुमला.

"पुढे सरका! पुढे सरका! दारात गर्दी नको!"

बाकावरची एक आजी खरंच पुढे सरकली. सगळे हसले. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरली तर पोट धरून हसली, आणि सासूबाईंच्या ध्यानात आलं की सुनेचे दात आपण कितीतरी वर्षांनी पाहतो आहोत.

त्यांनी शेजारच्या आजीला विचारलं, "या बाईला काय मिळतं हो इथं?"

"काही नाही. एकदा कवळी पोचवायला आल्या, तेव्हापासून येतात. माणूस बोलायला लागेपर्यंत बसतात."

सासूबाई गुपचूप उतरल्या. पण संशय असा सहज उतरत नाही. फुकट कोण कुणासाठी बसतं? घरी तिची वाट पाहणारी कामं असताना परक्या म्हाताऱ्यांची एवढी कसली माया? घर येईपर्यंत त्या दोष शोधत राहिल्या. सापडेना तसा त्यांचा रागच वाढला.

त्या संध्याकाळी धाकटा दारातच खुर्ची टाकून बसला होता.

"वहिनी, थांबा. कुठून येताय?"

"कामावरून."

"काम केव्हाच सुटलं. मी फोन केला होता. मधे कुठे होता तुम्ही?"

थोरलीनं पिशवी खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली, "वाईट ठिकाणी नव्हते, भाऊजी."

"ते आम्ही ठरवू. ठिकाण सांगा. नाहीतर उद्यापासून लॅब बंद, घरात बसायचं."

"ताई, सांगून टाका ना," धाकटी म्हणाली. "लपवण्यासारखं नसेल तर अडतंय कुठं?"

खरंच, अडत नव्हतं काही. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. थोरलीच्या ओठांवर ते वाक्य आलंही. पण पुढचं सगळं तिला दिसलं. आज ठिकाण सांगायचं, उद्या परवानगी मागायची, परवा कुणी बरोबर यायचं, आणि मग एक दिवस 'पुरे झालं आता'. तिच्या दिवसात तेवढी एकच जागा होती जिथं ती जिवंत होती.

"सांगणार नाही," ती म्हणाली. "मी या घराचं सगळं केलं, पुढंही करीन. कामावरही जाईन. पण तो तास मी कुणाला तपासू देणार नाही. ज्या दिवसांत मी मेल्यासारखी वावरत होते, त्या दिवसांत मला कुणी विचारलं होतं का, कुठे असतेस म्हणून?"

तिचा आवाज चढला नव्हता. सासूबाईंना ताटावर तोंडात नुसता फिरत राहणारा तिचा घास आठवला.

"बघितलंस, आई?" धाकटा उठून उभा राहिला. "जिच्या मनात काही नाही ती अशी बोलेल?"

सासूबाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे ती कुठे जाते."

थोरलीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

"आज मी गेले होते. डोळ्यांनी पाहून आले. नाव ठेवण्यासारखं काही नाही."

"कुठे पण?"

"ते तिनं सांगितलं नाही. मग मी कोण सांगणार?"

धाकट्याची नजर वहिनीवरून आईवर आली. फाटकावर पिशव्या तपासणारी तीच नजर. "म्हणजे तूही घरात नव्हतीस? कुणाला विचारून गेलीस? बरोबर कोण होतं?"

सासूबाई थक्क झाल्या. हे प्रश्न त्यांना आधी वडिलांनी विचारले होते, मग नवऱ्यानं. नवरा गेल्यावर विचारायची पाळी त्यांची आली, आणि त्यांनीही ती इमानानं पार पाडली. आता पोटचा मुलगा विचारत होता. या वयात. दारात खुर्ची टाकून.

त्या सुनेशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"मीही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "बाजूला हो. आम्हाला आत जायचंय."

वाचणाऱ्या आयाबहिणींनो आणि भावांनो, तुमच्या घरातली एखादी बाई उद्या अचानक हसरी दिसू लागली, तर तुमचा पहिला प्रश्न कोणता असेल? मी कुणाला दोष देत नाही. फक्त तो प्रश्न ओठांवर येईल तेव्हा आधी देवाला स्मरून स्वतःलाच विचारा, की ती कोमेजत होती तेव्हा आपण गप्प का होतो.