दहापैकी दहा

चिमणीची बदली झाली. ती झालीच नाही असं धरून ताईंनी सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं, दोन कप चहा ओतला, दुसऱ्या कपावर बशी ठेवली आणि "पोचेलच ती इतक्यात," असं सलाइनच्या स्टँडला सांगितलं. स्टँडने विरोध केला नाही.

चिमणी म्हणजे ताईंच्या हाताखालची नर्स. सतत चिवचिव, म्हणून चिमणी. तिचं तान्हं बाळ दवाखान्यामागच्या गल्लीत, सासूबाईंजवळ असायचं. दुपारी ती धावत जाऊन त्याला पाजून यायची आणि तेवढा वेळ ताई अख्खा वॉर्ड एकटीने ओढायच्या. या एका सोयीवर चिमणीची नोकरी तगून होती. आता तिला धाडलं होतं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

आणि हे सगळं ताईंच्या तोंडामुळे.

त्याचं झालं असं, की हातात टॅबलेट धरलेला एक सर्वेक्षणवाला वॉर्डात उगवला, तेव्हा ताई एका आजोबांची जखम धूत होत्या.

"आजोबा, एक ते दहामध्ये किती दुखतंय?"

"सात. काल नऊ होतं, पण काल सूनबाई भेटायला आल्या होत्या."

"आणि ताई, तुमचं?" सर्वेक्षणवाल्याने विचारलं. "या नोकरीचं, एक ते दहामध्ये?"

ताईंचा निम्मा जन्म हा प्रश्न विचारण्यात गेला होता. त्यांना तो कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

"दहा," त्या म्हणाल्या. "उभं राहिलं की जास्त."

बेडपॅन घेऊन पळणारी चिमणी ओरडली, "माझंही दहाच घाला!"

सर्वेक्षणवाल्याने दोन्ही दहा टॅबलेटवर टिपले. "ताई, एवढा समाधानी वॉर्ड अख्ख्या इमारतीत नाही. तुम्ही पहिल्या!"

ताईंच्या डोक्यात तिथल्या तिथे प्रकाश पडला. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण शाळा सुटल्यापासून त्यांना कुणी पहिल्या म्हटलं नव्हतं. त्या हसल्या. ते हसूही त्याने टिपून घेतलं.

मग वरून आदेश आला: या वॉर्डात समाधान गरजेपेक्षा जास्त असल्याने एक नर्स असमाधानी ठिकाणी वळवावी.

निघताना चिमणी गळ्यात पडली. "ताई, तुमच्या जिवावर काढले हो हे दिवस."

त्यापेक्षा हिने एक मुस्कटात दिली असती तर बरं, असं ताईंना वाटलं. "बाळाचं काय?"

"वरचं दूध लावलंय. नाक मुरडतो, पण पितो. सरकारी नोकरीच लागणार बघा त्याला."

आज चिमणीच्या चहावर साय धरली, तेव्हा मात्र ताईंचं नाटक संपलं. त्या उठल्या आणि थेट मेट्रनबाईंच्या खोलीत शिरल्या.

"बाई, ते दहा दुखण्याचे होते. मला तेव्हाच कळलं होतं, पण मी गप्प बसले. मला पाठवा तिकडे, तिला परत आणा."

मेट्रनबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "अगं, समाधान पार वरपर्यंत पोचलंय. आता ते खाली कसं उतरवू?" मग हळूच म्हणाल्या, "मीही दहाच सांगितले होते गं. तू अर्ज दे."

ताईंनी अर्ज दिला:

'विनंती अर्ज करण्यात येतो की, सदर परिचारिकेची बदली रद्द होत नसल्यास, अर्जदाराच्या मनात सध्या कार्यरत असलेल्या अपराधीपणाची तरी प्रशासकीय कारणास्तव अन्यत्र बदली करण्यात यावी. सदर अपराधीपणा कोणत्याही ठिकाणी, कोणत्याही पाळीत रुजू होण्यास तयार आहे. त्याच्या रिक्त जागी दुसरा कोणी न दिल्यास अर्जदाराची हरकत नाही.'