बेणं खाणार न्हाई

लातूर जिल्हा वेगळा झाला. कचेरी नवी, साहेब नवे, साहेबांच्या खुर्च्या नव्या. जुना म्हणावा तर एक दुष्काळ, तो तेवढा उस्मानाबादेतून वाटणीत आमच्याकडं आला. दुसऱ्या वर्षी नव्या जिल्ह्याला शेतकी प्रदर्शन भरवायची हौस सुटली. गावात प्यायला पाणी न्हाई, पण मांडवापुढं धूळ बसावी म्हणून रोज टँकर शिंपडून राहिलेले. बरोबरच हाय. साहेबांच्या बुटाला धूळ लागली तर शेती कशी सुधारायची?

भोंग्यावर एकच पालुपद: बटाटा लावा, तीन महिन्यांत पीक घ्या. लावायचं बेणं मांडवातच मिळणार, बाजारापेक्षा निम्म्या भावात.

मी गुणाबाई. रेणापूरच्या अलीकडं आमचं गाव. सासऱ्यानं मरायच्या आधी दीड एकर रान माझ्या नावावर केलं. म्हणले, "पोरगा भोळा हाय, तू तिखट हाईस." विहिरीत सात गुंठे भिजतील एवढंच पाणी उरलं होतं. ते सात गुंठे लागले तर मी न मालक आमच्या रानात. न्हाई तर दोघं रोजगार हमीच्या खडीवर. मागच्या उन्हाळ्यात खडी फोडताना कपची उडून मालकाच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळा वाचला, पण नजर गेली. राहिलेला डोळा मला खडीला द्यायचा नव्हता.

म्हणून पहिल्याच दिवशी एस्टीनं लातूर गाठलं. बेण्याच्या मांडवात ही गर्दी! मला वाटलं, वा, अख्खा जिल्हा बटाट्याच्या मागं लागला. मग बघितलं तर एकेक जण पोत्यात हात घालून गुळगुळीत बटाटा काढतोय, नख मारून बघतोय. मोड आलेला दिसला की "नासका हाय" म्हणून बाजूला. अरे देवा, म्हणलं, बेणं असं कोण निवडतं? हे तर भाजीला घेऊन राहिलेत!

आणि घेणारच की. चार दिवसांवर कार्तिकी एकादशी आलेली. साबुदाणा महागलेला, शेंगा पिकल्या न्हाईत, आणि सरकार निम्म्या भावात बटाटे देतंय. एवढा पुण्याचा योग पुन्हा कधी यावा?

माझ्यापुढं आमच्या गावचे व्यंकटराव होते. सत्तर एकरांचे धनी, विहीर तीन वर्षं कोरडी. त्यांना बघून कारकून खुर्चीतून उठलाच.

"या या, व्यंकटराव. किती पोती?"

"चार दे. घरात माणसं लई."

घरात माणसं लई! रानात सरी किती, हे कोणी इचारलं न्हाई. कागद न्हाई, सही न्हाई, चार पोती गाडीत. जाता जाता मला म्हणले, "अगं गुणे, तू इथं कशाला? तुम्हाला तर एकादशी पण नसते."

खरंच नसते. सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून आमच्या घरात एकादशी न्हाई, शिवरात्र न्हाई. मी म्हणलं, "म्हणूनच आले. मला लावायचे हाईत."

माझा नंबर आला. कारकुनानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"सातबारा?"

"पुढच्यांना इचारला न्हाई तो."

"त्यांना आम्ही ओळखतो. तुम्ही लोक बेणं नेता आणि खाऊन टाकता. सातबारा आणा, तलाठ्याचा दाखला आणा, मग बघू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडावर आलेलं तसंच गिळलं, कारण बेणं त्याच्या हातात होतं. मांडवामागं जाऊन पदरानं डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, रडले मी.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडं गेले तर चावडीला कुलूप. तलाठी कुठं? प्रदर्शनात! सगळ्या तलाठ्यांना पताका बांधायला नेलेलं. पुन्हा एस्टी, पुन्हा लातूर. तलाठी शिडीवर, तोंडात सुतळी. खालून म्हणलं, "दादा, दाखला." वरून म्हणला, "बाई, दप्तर गावात हाय." त्याला शिडीवरून उतरवून संध्याकाळच्या गाडीनं गावात आणला, कागद लिहून घेतले, तवा सोडला.

तिसऱ्या दिवशी प्रदर्शन आवरायला आलं होतं. कागद टेबलावर आपटले. कारकुनानं उलटेपालटे करून बघितले. खोट सापडेना, म्हणून नवं काढलं.

"हमीपत्र लिहून द्या. हे बेणे मी खाणार नाही, पेरीन." त्यानंच लिहिलं, आणि शाईचा डबा पुढं सरकवला.

"शाई ठिवा," म्हणलं. "सही करते मी."

ठळक, पूर्ण नाव लिहिलं. गुणाबाई शेषेराव कांबळे. त्यानं कागदाचं भेंडोळं करून फायलीत टाकलं आणि मागं बघितलं.

"दोनच पोती राहिलीत. मोड आलेली. कोणी घेईना. चालतील का?"

पोत्याचं तोंड उघडलं आणि माझा जीव सुपाएवढा झाला. एकेका बटाट्याला चार-चार डोळे, जाड, जांभळे कोंब. सगळ्या मांडवात लावण्यालायक बेणं होतं ते एवढंच! चाळणीनं चाळावं तसं लोकांनी माझ्यासाठी निवडून ठिवलेलं. तोंड पाडून म्हणलं, "काय करणार साहेब, आमच्या नशिबी असंच. द्या."

एकादशीला गावात घरोघर बटाटा शिजला. व्यंकटरावांच्या वाड्यावरून तर असा खमंग वास, की उपास कोणाचा न चैन कोणाची कळेना. त्या दिवशी मी न मालक रानात होतो. बटाट्याच्या फोडी करायच्या, प्रत्येक फोडीला दोन डोळे राखायचे, राखेत घोळून सरीत ठिवायच्या. मालक एका डोळ्यानं बघून म्हणले, "गुणा, ह्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसतंय." मी हसले आणि पुढची फोड त्यांच्या हातात ठिवली.

विहिरीतून पोहऱ्यानं पाणी शेंदलं. हाताची सालं गेली. संक्रांतीला तळ दिसला, पण तवर जमिनीत बटाटा धरला होता. सात गुंठे हिरवेगार, भोवती सगळं रान भुंडं. खडीवरनं दोनदा बोलावणं आलं. म्हणलं, मालक कामात हाईत.

माघ संपता संपता रानाच्या कडंला जीप थांबली. जीपमधून तोच कारकून उतरला, एक साहेब, एक फोटोवाला, आणि नवा फेटा बांधलेले व्यंकटराव. झालं असं, की वरून इचारणा आली होती: तीनशे पोती बेणं वाटलं, पीक दाखवा. साहेबांनी फाईल काढली. ओळखीच्या माणसांचे कागदच घेतले नव्हते. फाईलमध्ये कागद एकच, माझा.

साहेब सऱ्या बघून खूश झाले. मालकाला म्हणले, "छान. आता असं करू, आदर्श शेतकरी म्हणून व्यंकटरावांना मधे उभं करू. यादीत त्यांचंच नाव वर कळवलंय. तुम्ही दोघं मागं काढणी करत राहा. गडीमाणसं पण दिसली पाहिजेत."

मालकानं खाली बघितलं. त्यांना भांडता येत न्हाई. व्यंकटराव मोठ्या गोडीनं म्हणले, "गुणाबाई, गावाचंच नाव होतंय की." चार महिन्यांपूर्वी गुणे होते, आज गुणाबाई झाले.

मी हातातलं खुरपं खाली ठिवलं. "हाव, व्हा की उभं. माझी काय ना न्हाई. पण साहेब, तो माझा कागद जरा मोठ्यानं वाचा."

साहेबांना वाटलं, बाईला कौतुक पाहिजे. वाचला. "हे बेणे मी खाणार नाही, पेरीन."

"बास. व्यंकटरावांनी ह्याच कागदावर माझ्या नावाखाली सही करावी, आणि लगेच रानात उभं राहावं. चार पोती नेलीत त्यांनी."

साहेबांनी व्यंकटरावांकडं बघितलं, व्यंकटरावांनी कारकुनाकडं, आणि कारकुनानं पेनाचं टोपण काढून पुन्हा लावलं.

"एकादशी होती," व्यंकटराव कसंबसं म्हणले.

"आमच्यात नसते," मी म्हणलं. "तुम्हीच सांगितलं होतं."

ते जीपमध्ये जाऊन बसले. मी मालकाचा हात धरून त्यांना सऱ्यांच्या मधोमध आणलं. एक झाड उपटलं, खाली सहा बटाटे लोंबले. ते त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी घसा खाकरून फोटोवाल्याला म्हणलं, "घे, ह्यांचाच घे."

फोटोवाला म्हणला, "बाई, जरा हसा."

"कार्तिकापासून दाबून ठिवलंय बाबा," म्हणलं. "नीट काढ. आणि खाली नाव चुकवू नका, कागदावर सही हाय, बघून लिहा."