मागचा डावा स्पीकर

गौरवचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्यात दुकानावर होतो. "गजुभाऊ, लॅपटॉप घ्या आन् आत्ताच्या आत्ता सौंसरले या. प्रेमलताकाकू घर सोडून चालली. तुमच्या व्हिडिओपायी."

व्हिडिओपायी कोणी घर सोडतं? मला काही समजलं नाही. गाडी काढली आणि निघालो.

व्हिडिओ गौरव आणि केतकीच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा होता. लग्न होऊन तीन महिने झाले तेव्हा कुठे मी तो दिला. आमच्या धंद्यात एवढं चालतं. गौरवनं नवीन होम थिएटर बसवलं होतं, पाच स्पीकर आणि एक वूफर, म्हणून त्याला आवाज सराउंड पाहिजे होता. मी छाती फुगवून सांगितलं, "हॉलमध्ये बसल्यावानी वाटंल. जिथून आवाज आला, तिथूनच येईल."

साफ खोटं. माइक एकच होता, स्टँडवरच्या कॅमेऱ्यावर. तिथं माझी बायको डिंपल उभी होती आणि मी दुसरा कॅमेरा घेऊन स्टेजवर. त्या एका माइकातला आवाज कापून कापून मी पाच स्पीकरांत वाटून टाकला. भटजी पुढे, टाळ्या मागे. बायांची कुजबुज होती, ती मागच्या डाव्या स्पीकरात टाकली. का? तर तो रिकामा होता. शब्द काय होते ते मी ऐकलेही नाहीत. बायांचं बोलणं मी कधी कान देऊन ऐकलं म्हणता?

सौंसरला पोचलो तर दारातच काकूची भरलेली पिशवी. काकू म्हणजे गौरवच्या मेलेल्या काकाची बायको. वीस वर्षं याच घरात राबली, आता रामाकोन्याला भावाकडे निघाली होती. केतकीचे डोळे लाल. गौरवचे वडील रघुनाथराव, पेन्शनवाले गुरुजी, रिमोट धरून बसले होते.

"ऐक," गुरुजी म्हणाले.

पडद्यावर अंगठी घातली. टाळ्या झाल्या. आणि मागून, डावीकडून, एका बाईचा दबका आवाज आला, "पोट्टी तं फोटोत गोरी होती व माय!"

"काकू कुठं बसली होती?" गौरव वकिलासारखा उभा राहिला. "मागं, डावीकडं, कूलरजवळ. व्हिडिओतच दिसून राहिली. आन् आवाज कुठून आला?"

"मी नाही बोलली रे बाप्पा," काकू म्हणाली. "चला जामसांवलीले. हनुमानजीसमोर सांगते."

केतकी तिच्याकडे बघतही नव्हती. "या घरात मला एकच माणूस आपलं वाटलं होतं," ती म्हणाली.

आता गप्प बसलो असतो तर माझी इज्जत राहिली असती आणि म्हातारी बाई गेली असती. मी म्हणालो, "गुरुजी, तो आवाज तिथं मी ठेवला."

"मंजे तू बोलला?"

"बाईचा आवाज हाय ना, गुरुजी!"

"मंग?"

"कोणाचा हाय ते मलेही माहीत नाही. तो स्पीकर रिकामा होता, म्हणून तिथं टाकला."

"रिकामा कसा? तिथं तं काकू बसली होती!"

डोकं फिरलं. लॅपटॉप जोडला आणि तोच आवाज उजवीकडे सरकवला. "आता ऐका."

मागून, उजवीकडून: पोट्टी तं फोटोत गोरी होती व माय!

गौरव ताडकन वळला. "उजवीकडं तं केतकीची आई बसली होती!"

"माझी आई?" केतकी ओरडली. "आपल्याच पोरीले असं म्हणंल?"

"घसा मात्र विहीणबाईंचाच वाटून राहिला," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "बसका."

मी आवाज समोर आणला. गुरुजींचा चेहरा पडला. "समोर तं मी होतो."

"मंग काय तुम्ही बोलले?" मी विचारलं.

"तेच तं विचारून राहिलो, माह्याकडून काऊन येऊन राहिला?"

हा माणूस पस्तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवत होता! जिथं आवाज ठेवला तिथलं माणूस यांना सापडत होतं, घशासकट. मी सरकवत होतो, ते माना वळवत होते. पाचव्यांदा सरकवला तेव्हा कुठून काढून कुठं ठेवला हे माझंच मला आठवेना.

"भाऊ," केतकी म्हणाली, "पाचही डब्ब्यांतून एकदम लावा."

लावलं. सगळीकडून तेच वाक्य. आता कोणाकडे बघावं हेच कोणाला कळेना. गुरुजी पंख्याकडे बघत बसले.

"कोण बोललं, कोण बोललं, एवढंच करून राहिले तुम्ही," केतकी म्हणाली. "काय बोललं, त्याचं कोणालेच काही नाही. बरं, माझा फोटो गोरा कोणी केला होता?"

तिला ठाऊक होतं. फोटोखाली माझ्या दुकानाचं नाव होतं.

"मी," मी म्हणालो. "न विचारता करतो. सगळ्याच पोरींचे करतो."

ती उठली. मला वाटलं, थोबाडीत देते. ती दाराशी गेली, काकूची पिशवी उचलली आणि आत घेऊन गेली. काकू तिच्या मागे मागे, "अव, जड हाय ते, दे इकडं," म्हणत. गौरव मला म्हणाला, "मंग शेवटी कोण होतं, भाऊ?" मी लॅपटॉप बंद केला.

येताना जामसांवलीच्या फाट्यावर गाडी आपोआप हळू झाली. इतकी दबकी कुजबुज इतकी साफ आली, म्हणजे बोलणारी माइकाला चिकटून उभी असणार. माइकाजवळ कोण होतं?

पण तो आवाज डिंपलचा होता का? की आता मी तिला तिथं उभं केलं म्हणून तिचा वाटून राहिला, गुरुजींसारखा? घरी पोचेपर्यंत मनात तो शंभरदा वाजवला. कधी तिचा, कधी नाही.

घरात पाय ठेवला तर ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आले का? काय झालं जी तिथं?"

मी चपला न काढता तिथंच उभा राहिलो. डोळे मिटले.

"पुन्हा बोल," म्हणालो.